बोटीची खबर नेणारा परवाना

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही आणि खिशातही घालता येत नाही. अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ, एवढंच माझं रूप. वाचायला गेलात तर जीभ अडखळेल आणि अर्थ तर काहीच लागणार नाही. संगणकवाले मला टोकन म्हणतात, तुम्ही परवाना म्हणा. आता मी जुना झालोय, आणि नुसता जुना नाही, रद्द झालेला आहे. आपली कहाणी सांगताना इतर वस्तू छाती पुढे काढतात हे मला ठाऊक आहे. माझ्यापाशी तसं फारसं काही नाही, म्हणून मान खाली घालूनच सांगतो.

आधी माझं काम सांगतो. लोक आपले फोटो, बातम्या आणि भांडणं जिथे मांडतात त्या समाजमाध्यमाला मी आपला चौक म्हणतो. त्या चौकात तैवानच्या चिंगवान बेटाच्या बोटीचं एक पान होतं. माणसाला तिथे लिहायचं असेल तर तो दारावर आपलं नाव आणि पासवर्ड सांगतो आणि आत जातो. पण यंत्राकडून लिहून घ्यायचं असेल तर? यंत्राच्या हाती कुणी पासवर्ड देत नाही, देऊही नये. तेव्हा माणूस चौकाकडून एक परवाना काढून घेतो. 'हा दाखवेल त्याला माझ्या वतीने या पानावर लिहू द्या,' असं तो परवाना सांगतो. तो मी.

मला काढलं जुनयानने. हा बेटावरचाच मुलगा, राजधानीत संगणक शिकून परत आलेला आणि बोट कंपनीच्या धक्क्यावरच्या कचेरीत नोकरीला लागलेला. माझ्या आधी त्याने एक परवाना काढून पाहिला होता. तो बिचारा जुनयानचा डबा खाऊन व्हायच्या आत मेला. चौकात तसले अल्पायुषी पुष्कळ असतात. मग जुनयानने तसाच आणखी एक काढला, तो मरायच्या आत चौकाला परत केला आणि बदल्यात मला मागून घेतलं. मी दीर्घायुषी होतो. पण एक गोष्ट तेव्हाच चुकली. पान जुनयानने स्वतःच्या खात्यावरून उघडलं होतं, त्यामुळे मीही त्याच्याच नावाने निघालो. बोट कंपनीची, धक्का साऱ्या बेटाचा आणि माझा जीव मात्र एका पोराच्या खात्याला बांधलेला. "कंपनीच्या नावावर नंतर करू," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला.

त्याने मला दोन ठिकाणी ठेवलं. एक प्रत कचेरीतल्या संगणकात, तिकिटाच्या खिडकीखाली. दुसरी होंग कप्तानांच्या टॅबलेटमध्ये, बोटीच्या सुकाणूपाशी. दोन्हीकडे तीन बटणं होती. 'बोट वेळेवर', 'वेळ बदलली' आणि 'बोट रद्द'. कुणी बटण दाबलं की मी ती खबर घेऊन चौकाकडे पळत सुटायचो आणि पडद्यावर हिरवा दिवा लागायचा. हा दिवा मी निघालो की लागत असे, पोचलो की नव्हे. चौकाच्या दारावरचा पहारेकरी मला दर वेळी काहीतरी उत्तर देई, पण ते ऐकायची सोय जुनयानने केलेली नव्हती. तोपर्यंत उत्तर नेहमी 'ठीक आहे' असंच येत होतं, मग कोण कशाला ऐकतो?

सुरुवातीची वर्षं माझी फार मानाची गेली. आमच्या समुद्रावर हिवाळा आला की ईशान्येचा वारा सुटतो आणि बोटीचा काही नेम राहत नाही. पूर्वी लोक गाठोडी घेऊन धक्क्यावर यायचे, वाऱ्यात बसून राहायचे आणि बोट रद्द झाली की पुन्हा घरी. मी आल्यापासून अंथरुणातच कळायला लागलं. शाळेच्या बाई, मासळीवाले, पलीकडे इस्पितळात तपासायला जाणारी म्हातारी माणसं, सगळी सकाळी उठून आधी मला बघत. कप्तान तर माझ्यावर फार खूश होते.

"माझ्या सुनेपेक्षा बरंय हे यंत्र," ते एकदा म्हणाले. "एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही."

"सांगू का तुमच्या सुनेला?" तिकिटाच्या खिडकीतून खुआन मावशींनी विचारलं.

"नको बाई. संध्याकाळी जेवायचंय मला घरी."

खुआन मावशी म्हणजे आमच्या कचेरीचा कणा. तिकिटं फाडणं, सामान मोजणं, धक्का झाडणं, कुणाच्या पोराला ओरडणं, सगळं त्याच बघत. त्यांचा फोन साधा, बटणांचा. चौकात जायची त्यांना आवड नव्हती. "तिथे काय बघायचं? लोकांची ताटं? माझं मला जेवायला वेळ नाही," असं म्हणत. त्या फक्त हिरवा दिवा बघत. तो लागला की "गेलं" म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

आणखी एकाबद्दल सांगायला हवं. आमच्या संगणकावर एक हिरवी पुडी ठेवलेली असे. मक्याचा कुरकुरीत खाऊ असतो ना, त्याची. तैवानात यंत्र जिथे जिथे आहे तिथे तिथे ही पुडी असतेच. पुडीच्या नावाचा अर्थच 'गुणी बाळ, गुणी बाळ' असा आहे. ती जवळ असली की यंत्र रुसत नाही. मात्र पुडी हिरवीच हवी, कुणी खाता कामा नये आणि तिच्यावरची तारीख उलटलेली नसावी. एकदा कप्तानांना भूक लागली आणि त्यांनी ती फोडून खाल्ली. मावशींनी दिवसभर त्यांची खरडपट्टी काढली.

"बोट बंद पडली तर वल्ही मारत जाल का?"

"चार दाणे तर खाल्ले!"

"पुडी चाटून ठेवलीय, म्हणे चार दाणे! परत येताना नवीन आणायची. आणि तारीख बघून आणा."

तेव्हापासून पुडीची तारीख मावशी स्वतः सांभाळत. दोन महिने उरले की नवी पुडी येई. खरं सांगतो मित्रांनो, मला त्या पुडीचा हेवा वाटायचा. तिच्या आयुष्याची काळजी साऱ्या कचेरीला होती. माझा जीव कुणाच्या खात्याला बांधलाय, तो कधी आणि कशाने तुटेल, हे कुणी विचारलं नाही. मीही गप्प होतो. फुकटची वाहवा मिळत होती आणि मला ती गोड लागत होती.

मग एका नववर्षानंतर जुनयानला शिन्चू शहरात मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी गावातल्या बाओजूबाईंच्या शेवयांच्या दुकानात त्याला निरोपाचं जेवण दिलं. जेवण झाल्यावर तो सगळ्यांना घेऊन धक्क्यावर आला. मावशींच्या मनात होतं की त्याला नीट विचारून घ्यावं. यंत्राचं काय, कुणाच्या नावावर काय आहे, बिघडलं तर काय करायचं. पण निघालेल्या पोराला कामाचं विचारायचं म्हणजे जाताजाताही राबवून घेतल्यासारखं दिसायचं. त्यांना भीड पडली. जुनयानच्याही मनात होतं की परवाना कंपनीच्या नावावर करून द्यावा. पण आज तो विषय काढला तर पाय झटकून निघाल्यासारखं वाटेल, म्हणून त्यालाही भीड पडली.

"काही अडलं तर फोन करा हं मावशी," तो म्हणाला.

"छे रे! तुला कशाला त्रास. तू तुझं बघ, जेवत जा वेळेवर."

"नाही, खरंच करा."

"करीन, करीन. बोट सुटेल बघ."

मी खिडकीखालून हे सगळं ऐकत होतो. दोघंही एकमेकांना वाकून वाकून नमस्कार करत होते, आणि माझं नावसुद्धा कुणाच्या तोंडी आलं नाही.

उन्हाळा सुखात गेला. शरद ऋतूत शिन्चूच्या त्या कारखान्यात सगळ्यांना बसवून सांगितलं की चोरांचा सुळसुळाट झालाय, जुने पासवर्ड बदला आणि जिथे जिथे खातं उघडं असेल तिथून बाहेर पडा. जुनयान सरळ मुलगा. त्याने त्याच दिवशी चौकातला आपला पासवर्ड बदलला. त्याने घराचं कुलूप बदललं, यात त्याचं काय चुकलं? पण त्या कुलपाबरोबर त्याच्या नावाने निघालेले सगळे परवाने एका क्षणात मेले. त्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी 'बोट वेळेवर' दाबलं. हिरवा दिवा लागला. मी रोजच्यासारखा दारावर गेलो तर पहारेकऱ्याने मला अडवलं.

"परवाना रद्द आहे. ज्याच्या नावाने काढला त्याने कुलूप बदललंय. नवीन आणा," तो म्हणाला.

मी तेच उत्तर घेऊन परत आलो. पण आमच्या घरी ऐकायला कान कुठे होते? मावशी "गेलं" म्हणाल्या आणि झाडू घेऊन बाहेर गेल्या.

असा आठवडा गेला. वारा पडलेला होता, बोटी वेळेवर सुटत होत्या, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. पण लोकांच्या लक्षात आलं होतं. प्रतीक्षागृहाचं बाक माझ्यापासून दोन हातांवर आहे, तिथलं सगळं मला ऐकू येतं. एक दिवस बाओजूबाई आपल्या नवऱ्याबरोबर बोटीची वाट बघत बसल्या होत्या.

"पानावर आठवडाभर काही येत नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खुआनला सांगू का?"

"जाऊ दे. जुनयान गेल्यापासून बिचारी एकटीच सगळं ओढतेय. तिला वाटेल आपण चुका काढतोय."

"तेही खरंच. बोट तर आहे ना वेळेवर."

"आणि काही विशेष असलं तर टाकेलच की ती."

मावशी चार पावलांवर दोरखंड गुंडाळत होत्या. बाओजूबाईंनी त्यांना हाक मारली, "थंडी वाढली नाही का गं?" एवढंच विचारलं आणि बोटीत जाऊन बसल्या. मी ओरडलो असतो, पण मला आवाज नाही.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला फार जड जातं.

आमच्या बेटावर आथो आजोबा होते. जन्मभर समुद्रातल्या माकुळ्या धरणारे. म्हातारपणी छातीचं दुखणं लागलं म्हणून त्यांची मुलगी सूवान त्यांना पलीकडच्या शहरात इस्पितळात घेऊन गेली होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं की आता फार वेळ नाही, घरी न्यायचं असेल तर आजच न्या. आमच्याकडे माणसाने शेवटचा श्वास स्वतःच्या घरात, आपल्या देवांसमोर सोडावा असं मानतात. त्यासाठी माणसं हाताने हवेची पिशवी दाबत दाबत एवढासा श्वास जपून घरी आणतात. आजोबांनीही मुलीला हेच सांगून ठेवलं होतं. "मला परक्या गावात टाकू नकोस." आणखी काही त्यांनी मागितलं नव्हतं.

सूवानने फोनवर आमचं पान उघडलं. काही नवी सूचना नव्हती. म्हणजे शेवटची बोट रोजच्यासारखी दुपारीच असणार. तिने कागदांवर सह्या केल्या आणि त्या बेताने रुग्णवाहिका सांगितली.

इकडे त्याच सकाळी होंग कप्तान वारा बघून आत आले.

"खुआन, दुपारनंतर काही खरं नाही. शेवटची फेरी जेवणाआधीच आटपतो. टाक तसं."

मावशींनी 'वेळ बदलली' दाबलं. कप्तानांनीही खात्री म्हणून आपल्या टॅबलेटवर दाबलं. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. मी दोन्हीकडून धावलो आणि दोन्हीकडून हाकलला गेलो. बोट पलीकडे गेली, धक्क्यावर होते तेवढे लोक घेतले आणि लवकरच परत आली. मागून वारा उठला. लाटा बंधाऱ्यावरून उड्या मारायला लागल्या.

दुपारी कचेरीतला फोन वाजला.

"मावशी, मी सूवान. बाबांना घेऊन धक्क्यावर आलेय. बोट कुठाय?"

"अगं पोरी! बोट केव्हाच आली इकडे. पानावर टाकलं होतं ना सकाळीच!"

"पानावर काहीच नाही मावशी."

"नाही कसं? मी स्वतः टाकलंय. दिवा लागला होता."

"नाहीये हो. आता बघतेय मी. गेला आठवडाभर काहीच नाहीये."

मावशी खुर्चीत बसल्या. त्यांनी संगणकाकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. वर हिरवी पुडी होती आणि तिची तारीख पुढच्या वर्षीची होती. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, मित्रांनो, पण मला तर पायही नाहीत.

कप्तान ऐकताच बोटीकडे धावले. इंजिन चालू केलं. बंदराच्या पहाऱ्यावरून निरोप आला की कुणीही बाहेर पडायचं नाही.

"म्हातारा तिकडे रस्त्यात पडलाय!" कप्तान ओरडले.

"तुम्ही बुडालात तर तो म्हातारा काय करेल? लाटा बघा कप्तान, लाटा बघा."

कप्तानांनी लाटा पाहिल्या. जन्म समुद्रावर गेलेला माणूस, त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं आणि टोपी काढून धक्क्यावर उभे राहिले.

बातमी गावभर झाली. एकेक करून माणसं प्रतीक्षागृहात आली. ती सगळी तीच होती ज्यांनी आठवडाभर रिकामं पान पाहिलं होतं. मावशींनी फोनचा आवाज मोठा केला आणि खिडकीवर ठेवला. पलीकडे सूवानने आपला फोन वडिलांच्या कानाशी धरला. मग बाओजूबाई पुढे आल्या.

"आथोकाका, मी बाओजू. माकुळ्या घालून शेवया करून ठेवल्यात. सावकाश या, घाई नाही."

"तुझ्या शेवया नेहमीच खारट असतात," मागून एक म्हातारा रडत रडत म्हणाला. "आथो, ऐकतोयस का? तुझी होडी बांधलीय बरं का घट्ट. मी बांधलीय."

"डोळे उघडलेत बाबांनी," सूवानचा आवाज आला. "बोला ना. बोलत राहा."

मग सगळेच बोलायला लागले. कोण वाऱ्याबद्दल, कोण देवळातल्या दिव्यांबद्दल, कोण पन्नास वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल. आठवडाभर एक वाक्य ज्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, ती माणसं आता थांबेनात. उजेड कमी होत आला तेव्हा सूवान म्हणाली, "मावशी, आता राहू द्या." फोनमधून येणारा हवेची पिशवी दाबण्याचा आवाज थांबला होता.

त्यानंतर मावशींनी जुनयानला फोन केला. "तुला त्रास देते रे," एवढं म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. जुनयानने तिथूनच पाहिलं. पहारेकऱ्याचं उत्तर, जे मी रोज आणत होतो, ते त्याने पहिल्यांदा वाचलं.

सकाळी वारा उतरला. कप्तान उजाडताच पलीकडे गेले. धक्क्यावर वडिलांच्या देहापाशी सूवान बसली होती आणि शेजारी जुनयान उभा होता. तो मिळेल त्या गाडीने आला होता. आमच्याकडे माणसाला असं घरी नेताना वाट सांगत न्यायची पद्धत आहे, म्हणजे त्याचा जीव मागे राहत नाही. सूवान सांगत होती, "बाबा, बोट सुटली हं. बाबा, बंधारा ओलांडला. बाबा, तुमची माकुळ्यांची जागा आली, डाव्या हाताला."

मधेच ती सुकाणूपाशी पाणी प्यायला आली. जुनयान तिथे टॅबलेट हातात घेऊन बसला होता. म्हणजे मी त्याच्या हातात होतो. तो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला.

"सूवानताई, सगळं माझ्यामुळे झालं. परवाना माझ्या नावावर ठेवला. उत्तर ऐकायची सोय केली नाही. आणि पान बंद पडलेलं मला दिसलं होतं, ताई. शिन्चूत बसून दिसलं होतं. वाटलं, विचारलं तर म्हणतील, हा गेला तरी लुडबुड करतोय."

सूवानने पेल्यात पाणी ओतून घेतलं.

"मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. "मी इस्पितळात रोज बघायचे. रोज वाटायचं, मावशींना फोन करावा. आणि रोज वाटायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कुठे त्रास द्यायचा. काल सकाळीसुद्धा फोन हातात होता माझ्या, जुनयान." तिने पेला खाली ठेवला. "बस तू. मला बाबांना सांगायचंय, बेट दिसायला लागलं."

ती बाहेर गेली. जुनयान बसला नाही. कप्तानांनी सुकाणूवरून मान वळवली नाही. मी जन्मल्यापासून इतका शरमिंदा कधी झालो नव्हतो. तिने आम्हाला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजोबांचे दिवस होईपर्यंत जुनयान बेटावर राहिला. त्याने पान कंपनीच्या नावावर केलं. नवा परवाना काढला तो कुणा एकाच्या खात्याला बांधलेला नाही. तो कुठे ठेवलाय, त्याची मुदत कधी संपते, बदलायचा कसा, हे त्याने मावशींना आणि कप्तानांना शेजारी बसवून शिकवलं. मावशींनी इतके प्रश्न विचारले की शेवटी तोच म्हणाला, "मावशी, आता जेवू का?" हिरवा दिवाही त्याने बदलला. आता पहारेकरी 'ठीक आहे' म्हणाला तरच तो लागतो, नाहीतर लाल होऊन ओरडतो. मला त्याने जुन्या प्रतींच्या कप्प्यात टाकलं. दारं माझ्यासाठी कायमची बंद आहेत आणि ते योग्यच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारखे परवाने असतील. आम्हाला कुणा एकट्याच्या जिवावर सोडू नका. आम्ही कधी मरतो ते माहीत असू द्या. आम्ही दारावरून काय उत्तर आणतो ते ऐका, नुसत्या दिव्यावर विसंबू नका. आणि काही बंद पडलेलं दिसलं तर सांगा. समोरच्याला काय वाटेल याची लाज मोठी वाटते खरी, पण मी तिच्यापेक्षा मोठी लाज पाहिली आहे. ती सरत नाही.

नवा परवाना पहिल्यांदा निघाला त्या सकाळी मावशींनी 'बोट वेळेवर' दाबलं. दिवा हिरवा झाला. तरी त्या "गेलं" म्हणाल्या नाहीत. त्यांनी जुनयानला खबरेच्या खाली एक ओळ लिहायला लावली होती. 'दिसलं तर कळवा, त्रास द्या.' मग हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसून राहिल्या. थोड्या वेळाने पहिलं उत्तर आलं. ते जुनयानने मोठ्याने वाचलं.

"'दिसलं, मावशी.' सूवानताईंचं आहे."